‘पीपली लाइव्ह’ने शेतकऱ्यांची टिंगल केली, हे खरं नाही

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हा आरोप फिरू लागतो: ‘पीपली लाइव्ह’ या हिंदी सिनेमाने विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची टिंगल केली, शेतकरी मदतीच्या पैशासाठी मरतो असं दाखवलं, तेही परदेशी महोत्सवांसाठी. 2010 साली सिनेमा आला तेव्हा बंदीची मागणी विदर्भातूनच झाली होती, म्हणून इथे हे लगेच पटतं. पण सिनेमा नीट पाहिला तर यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी टिंगल. कर्जापायी जमीन जाणार म्हणून आत्महत्या करायला निघालेला शेतकरी नत्था सिनेमाभर जेमतेम बोलतो. हसू येतं ते ही बातमी फुटल्यावर त्याच्या दारात येणाऱ्यांचं. अधिकारी ‘लाल बहादूर’ नावाचा सरकारी हातपंप देऊन जातात, कर्ज तसंच राहतं. एक बातमीदार नत्थाच्या विष्ठेवरून त्याची मनःस्थिती वाहिनीवर समजावून सांगतो. त्या दृश्यात लाज कोणाची जाते?

पैशासाठी मरण्याचं म्हणाल, तर ती कल्पना नत्थाची नाहीच. जमीन लिलावात निघते, नत्था आणि त्याचा भाऊ गावपुढाऱ्याकडे मदत मागायला जातात, आणि मेल्यावर सरकार एक लाख देतं हे त्यांना तिथे ऐकवलं जातं. शेवटी आगीत राकेश हा वार्ताहर मरतो, लोक त्याला नत्था समजतात, आणि मृत्यू अपघाती ठरल्यामुळे घरच्यांना छदामही मिळत नाही. हे विदर्भाला नवं नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या निर्णयातही मदत एक लाखच होती: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्याआधी नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि वसुलीचा तगादा तपासायचा. कर्ज बिगरपरवाना सावकाराचं निघालं की प्रकरण ‘अपात्र’. मेल्यावरही कागदात बसावं लागतं, हे या सिनेमाइतकं स्पष्ट फार थोड्यांनी दाखवलंय.

‘फक्त चॅनेलवाल्यांवरचा सिनेमा’ असं म्हणणाऱ्यांना होरी महतो दिसलेला नसतो. तो रोज माती खणतो, विकतो, आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडलेला सापडतो. राकेश त्याच्याबद्दल विचारतो, तर नंदिता या इंग्रजी वाहिनीच्या पत्रकाराला बातमी नत्थाचीच हवी असते. आमच्या मते सगळ्या सिनेमाचा कणा हाच.

महोत्सवाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. जानेवारी 2010 मध्ये सिनेमा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला गेला, 13 ऑगस्टला इथे लागला, म्हणजे तो फक्त परदेशासाठी नव्हता. नत्था झालेले ओंकारदास माणिकपुरी रंगकर्मी हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’ या छत्तीसगडी लोककलावंतांच्या नाटक मंडळीतले.

राहिला विदर्भ. कथा ‘मुख्य प्रदेश’ या काल्पनिक राज्यातली, चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या रायसेन जिल्ह्यातल्या बडवईत. म्हणून यवतमाळ-वर्ध्याचं दुखणं यात पूर्ण उतरत नाही, आणि ही टीका मात्र रास्त आहे: कोरडवाहू कापूस, त्याचा उत्पादन खर्च आणि हमीभाव यांतली तफावत सिनेमात नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यावा.