पहाटे चारची धडधड

दारूचा विषय निघाला की बोलणं लगेच लिव्हरवर जातं. ते नुकसान खरंच आहे, पण दिसायला वर्षं लागतात, म्हणून पिणाऱ्याला पटत नाही. मनावरचा परिणाम मात्र दुसऱ्याच दिवशी हजर होतो आणि त्याचं खापर कामावर, घरच्यांवर किंवा स्वतःच्या स्वभावावर फुटतं. माझं ठाम म्हणणं आहे की रोज किंवा दिवसाआड पिणाऱ्यांची बरीचशी बेचैनी दारूनेच तयार केलेली असते, आणि ती घालवायला ते पुन्हा दारूच घेतात.

मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना जागं ठेवतं. दारू पहिल्याचं काम वाढवते आणि दुसऱ्याचं दाबते. सोबत डोपामिन हे सुखावणारं रसायनही वाढतं. म्हणून रक्तातलं प्रमाण चढत असताना जीभ मोकळी होते, भीड चेपते, हलकं वाटतं. हे वाटणं खोटं नसतं. प्रमाण उतरायला लागलं की तोच माणूस सुस्तावतो, चिडतो किंवा रडायला लागतो. सुरुवातीची झिंग परत यावी म्हणून पुढचा पेग भरला जातो, पण आता वाढते ती बहुतेक गुंगीच.

मेंदू हे सगळं मुकाट्याने सोसत नाही. दाराला बाहेरून कोणी रेटत असेल तर आपण आतून जोर लावतो, तसा तो उलट्या दिशेने जोर लावतो: गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटची बाजू बळकट करतो. दारू शरीरातून निघून जाते, पण हा आतला जोर लगेच ओसरत नाही. मग छातीत धडधड, घाम, उगाचची भीती, काल आपण काय बोललो याची टोचणी. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.

ही वेळ साधारण कधी येणार, हे कागदावर मांडता येतं. मिलिलिटर गुणिले बाटलीवरची टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.८. उत्तर येतं ते शुद्ध अल्कोहोल, ग्रॅममध्ये. ४२ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली जवळजवळ ४२ ग्रॅम, म्हणजे असे दोन पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी करावा. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निस्तरतं. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री ९ ला सुरू करून तीन मोठे पेग घेतले तर ६० ग्रॅम संपायला पहाटेचे ३ ते साडेपाच वाजतात. पहाटे चारला डोळे टक्क उघडतात ते याचमुळे.

‘घेतली की छान झोप लागते’ हेही अर्धंच खरं. डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबते आणि दुसऱ्या भागात झोपेचे तुकडे पडतात. अपुऱ्या झोपेनंतरचा दिवस आधीच चिडका असतो, त्यात आतला जोर चालूच. सकाळी उतारा म्हणून पुन्हा थोडी दारू घेतली की बरं वाटतं, कारण दाराला पुन्हा कोणीतरी रेटायला लागलेलं असतं. सवय व्यसनात बदलते ती बहुतेकदा या उताऱ्यापाशीच.

शरीराचं बाकी थोडक्यात. लघवी रोखणारं संप्रेरक दबतं, म्हणून तोंड कोरडं पडतं आणि डोकं दुखतं. रक्तदाब वाढतो, एका रात्रीच्या अति पिण्यानेही हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. उपाशीपोटी प्यायल्यावर साखर खाली जाते, कारण लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलेलं असताना नवी साखर बनवणं मागे पडतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना यात जिवाचा धोका आहे. साखर उतरल्याने येणारा घाम, तोल जाणं, बरळणं याला भोवतालचे लोक ‘चढली’ म्हणतात आणि झोपू देतात. झोपेच्या गोळीबरोबर दारू कधीच नको, श्वास मंदावतो. आणि १९८८ पासून दारू जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत आहे, हे अजूनही फार कमी जणांना माहीत असतं.

उदासी आधी की दारू आधी, हे ओळखायचा एक चांगला मार्ग म्हणजे चार आठवडे पूर्ण बंद. रोज सकाळी वहीत दोन आकडे लिहा: झोपेचे तास आणि मनःस्थितीला दहापैकी गुण. पहिला आठवडा वाईट जाऊ शकतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. दारूमुळे आलेली उदासी बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत निवळते. तरीही आकडे खालीच राहिले तर नैराश्याचा वेगळा उपचार लागतो, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. मधेच मरणाचे विचार येऊ लागले तर मात्र चार आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी जायचं.

हा प्रयोग सगळ्यांसाठी नाही. सकाळी हात थरथरतात, घोट घेतल्यावरच थांबतात, किंवा पूर्वी सोडताना फिट आली होती, अशांनी घरच्या घरी एकदम बंद करू नये. घरचे प्रेमापोटी बाटली लपवतात आणि नकळत माणसाला संकटात टाकतात. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, ताप आणि गोंधळलेपण. ही शेवटची अवस्था उपचाराविना जीव घेऊ शकते. दवाखान्यात योग्य औषधं टप्प्याटप्प्याने कमी करत हेच बरंच सुरक्षितपणे होतं. सोबत बी१ जीवनसत्त्व देतात, आणि खूप पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाला ते ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत मिळायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांपुढे लाजून आकडा कमी करू नका. रोज किती, किती वर्षं आणि शेवटचा घोट किती वाजता, हे तिन्ही खरं सांगा.