दिवा हिरवा झाला म्हणजे अर्थिंग झाले असे नव्हे

‘इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज होत नाही? शोरूमला जाऊ नका, हे पाच घरगुती उपाय करा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सातारा-सांगलीकडच्या कौटुंबिक गटांत फिरतो आहे. त्यातील उपाय थोडक्यात असे: चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागला, तर सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ (गळती जमिनीत उतरवणारी तार) तारेच्या तुकड्याने जोडावे, आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारे बटण) वारंवार पडत असेल तर ती काढून टाकावी आणि एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारे बटण) पडत असेल तर दुप्पट क्षमतेची बसवावी, सॉकेट लांब असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड वापरावा, चार्जिंग हळू होत असेल तर कंपनीने जुनी बॅटरी गळ्यात मारली असे समजावे, आणि पावसाळ्यात गाडी घरी चार्ज करूच नये. असले संदेश मी एरवी न वाचता पुसतो. मात्र साताऱ्यात गोडोलीला राहणाऱ्या माझ्या मामांनी वायरमनला बोलावून यातला पहिला उपाय करूनही घेतला आणि ‘बघ, दिवा हिरवा झाला’ असे मला सांगलीला फोन करून कौतुकाने सांगितले. त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

गाडीबरोबर मिळणाऱ्या चार्जरच्या केबलमध्ये जी डबी असते, ती गाडीकडे वीज सोडण्यापूर्वी अर्थची तार खरोखर जोडलेली आहे का, हे तपासते. ती सापडली नाही की लाल दिवा लागतो. न्यूट्रल हा डीपीपाशी, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेलाच असतो. म्हणून तो अर्थच्या पिनेला जोडला की डबीला अर्थ सापडल्यासारखे वाटते. दोष जागच्या जागी राहतो, तो सांगणारा तेवढा गप्प होतो. पुढे वाऱ्यापावसात खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटला, तर घरात चालू असलेल्या पंख्यातून, फ्रिजमधून फेजचा (वीज आणणाऱ्या तारेचा) दाब, म्हणजे व्होल्टेज, त्या सुटलेल्या न्यूट्रलवर येतो, तेथून त्या चार इंची तुकड्यातून अर्थच्या पिनेवर आणि तेथून थेट गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबरी टायरांवर उभी असल्यामुळे हा दाब जमिनीत उतरत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून जो कोणी प्रथम दाराला हात लावील, त्याच्या अंगातून तो उतरतो. जुन्या घरांत तर सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडलेलेही सापडतात. तेथे न्यूट्रल समजून हा तुकडा फेजलाच जोडला गेला, तर न्यूट्रल सुटेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. मामांच्या सॉकेटमध्ये जोडणी सुलट होती, एवढेच नशीब.

खरे कारण त्यांच्या अंगणात होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वर थोडा मुरूम आणि खाली काळा पाषाण. त्यात कोळसा-मीठ घालून बुजवलेला अर्थिंगचा खड्डा घर बांधल्यापासून कोणी उघडला नव्हता, आणि त्याच्या तोंडाशी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार गंजून तुटली होती. सांगलीच्या काळ्या मातीत वेगळी तऱ्हा असते: पावसाळ्यात माती ओल धरते आणि अर्थिंग उत्तम चालते, उन्हाळ्यात तीच माती आक्रसून भेगाळते आणि सळईपासून सुटते. जुलैत हिरवा असलेला दिवा एप्रिलमध्ये लाल होत असेल, तर आधी खड्ड्यात पाणी घालून पाहावे, गाडीला दोष देऊ नये. वायरमनने टेस्टर लावून ‘अर्थमध्ये करंट नाही, म्हणजे अर्थिंग बरोबर’ असे सांगितले, तर तेही मानू नये, कारण कशालाच न जोडलेल्या पिनेतही टेस्टरचा दिवा लागत नाही. अर्थिंग मोजायचे ते अर्थ टेस्टर नावाच्या वेगळ्या मीटरने.

आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला याच संदेशात, लगेच पुढच्या ओळीत यावा, याचा मला विशेष संताप येतो. वर सांगितलेल्या अपघातात माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह ओळखून वीज तोडू शकेल अशी घरात तीच एक वस्तू असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा व वीजपुरवठाविषयक २०२३ च्या विनियमांत वाहन चार्जिंगच्या प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक गळती न सोसणारे, किमान ‘ए’ प्रकारचे संरक्षण सांगितले आहे. ते कलम चार्जिंग केंद्रांसाठी लिहिले आहे हे खरे. पण घरातल्या विजेचा स्वभाव केंद्रातल्या विजेहून सौम्य नसतो. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो, की आरसीसीबी पडली म्हणजे गाडीतच दोष आहे असे नाही. दोन सर्किटांचे न्यूट्रल कोठेतरी एकत्र झालेले असले किंवा सगळ्या घराची बारीकसारीक गळती एकाच आरसीसीबीवर साठत असली, तरी ती पडते. त्यावर उपाय म्हणजे गाडीची लाइन वेगळी ओढून तिला स्वतःची आरसीसीबी देणे.

एमसीबीचेही तसेच. ती गाडीसाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते. २३० व्होल्टवर १५ अँपिअर म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या आसपास भार, आणि ३० युनिटची बॅटरी भरायला तो नऊ तास सलग चालतो; पंधरा मिनिटांत बंद होणाऱ्या गिझरच्या अनुभवावरून वायरची पारख करता येत नाही. त्या वायरवर १६ ऐवजी ३२ ची एमसीबी बसवली, तर पुढच्या वेळी एमसीबीऐवजी वायर तुटेल, आणि तीही जळून.

एक्स्टेन्शनबद्दल वेगळे काय लिहायचे? त्याच विनियमांत तो चार्जिंगसाठी वापरण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि काळ्या पडलेल्या पिनांचा थ्री-पिन टॉप ज्याने एकदा पाहिला, त्याला ती का आहे हे कळते.

पावसाचा मुद्दा अर्धा खरा आहे. गाडी आणि चार्जर यांच्यात संकेतांची देवाणघेवाण पूर्ण होईपर्यंत गनमध्ये, म्हणजे केबलच्या गाडीत खोचायच्या टोकात, वीज येतच नाही, आणि पाण्याचा विचार करूनच ती बनवलेली असते. भिंतीवरचा साधा सॉकेट तसा नसतो. तेव्हा झाकायचा तो सॉकेट आणि त्याला लावलेली डबी.

राहिली ‘जुनी बॅटरी’. संध्याकाळी दाब १९० व्होल्टपर्यंत उतरला, तर त्याच १५ अँपिअरमध्ये साडेतीनऐवजी पावणेतीन-तीन किलोवॅटच मिळतात, आणि फार उतरला तर चार्जर थांबतोच. शिवाय बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच प्रवाह कमी करते. चार दिवस रात्री आठला आणि बाराला मल्टिमीटरवर दाब पाहून वहीत लिहावा. आठचा आकडा रोज खाली आणि बाराचा वर असेल, तर ती वही घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात जावे, शोरूममध्ये नव्हे.