चाळीस फूट तेल

खारकर आळीतल्या आमच्या चाळीत गणपतीत कॅरमच्या स्पर्धा व्हायच्या. त्यात मी सलग ३ वर्षं उपविजेता होतो. ही माहिती मी कुणी न विचारता देतो. पावसाळ्यात दमट झालेल्या बोर्डावर स्ट्रायकर कुठे अडखळेल, बोरिक पावडर किती मारायची, वरचा शंभरचा बल्ब किती खाली ओढला की बोर्ड सुकतो, हे सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे भाच्याने वाढदिवसाला आम्हा सगळ्यांना घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये बोलिंगला, म्हणजे बॉल घरंगळवून समोरच्या पिना पाडायच्या खेळाला, न्यायचं ठरवलं, तेव्हा मी मनात म्हटलं, कॅरमच की हा. फक्त उभ्याने.

नौपाड्याहून तिथे पोचायला सव्वा तास लागला. त्याबद्दल काही लिहीत नाही. ठाणेकरांना माहीत आहे आणि बाकीच्यांना खरं वाटणार नाही.

काउंटरवर आधी पायाचा नंबर विचारला आणि मग मोजे. जुलैत ठाण्यात मोजे घालून कोण फिरतं? तेही तिथेच विकत घ्यावे लागले. मग लाल-निळे बूट आले, टाचेवर भलामोठा ९ लिहिलेला, म्हणजे आपल्या पायाचं माप पाठीमागून येणाऱ्यालाही कळावं.

खरी परीक्षा बॉल निवडताना. "मामा, तुमचं वजन किती?" भाच्याने सगळ्यांसमोर विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

बायको खोकली.

"ब्याऐंशी."

आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाचा बॉल घ्यावा असा ढोबळ हिशेब असतो म्हणे. त्या हिशेबाने मला आठ किलोंच्या वर, म्हणजे १८ पौंडांचा लागला असता, पण नियमात १६ च्या वर बॉलच नाही. थोडक्यात, मी खेळाच्या मर्यादेबाहेर गेलेलो होतो. शेवटी नम्रपणे १४ चा उचलला. १४ पौंड म्हणजे सव्वासहा किलोंच्या वर. कॅरमचा स्ट्रायकर १५ ग्रॅमचा. एवढा फरक सोडला तर बाकी सारखंच.

बॉलला तीन भोकं. अंगठा, मधलं बोट आणि अनामिका आत. तर्जनी आणि करंगळी बाहेर, पत्रिका न मिळालेल्या नातेवाइकांसारखी. आता ही बोटं किती आत घालायची यावर भाच्याने मला जे ऐकवलं, तेवढं त्याने इंजिनीअरिंगला वाचलं असतं तर त्याची केटी लागली नसती. बोटं दुसऱ्या सांध्यापर्यंत आत घातली की ती कन्व्हेन्शनल ग्रिप. पकड घट्ट, वळण कमी. पहिल्याच सांध्यापर्यंत घातली की फिंगरटिप. त्यात सुटताना अंगठा आधी बाहेर येतो, बोटं क्षणभर मागे राहतात आणि जाता जाता बॉलला फिरकी देतात. पण त्यासाठी भोकं आपल्या हाताच्या मापाने पाडून घ्यावी लागतात. भाच्याने पाडून घेतली आहेत. त्याचा बॉल चाकांच्या बॅगेतून फिरतो.

आमच्यासारख्यांनी तिथल्या मांडणीवरच्या हाउस बॉलवर भागवायचं. अंगठा पूर्ण आत घालून पंजा बॉलवर पसरायचा. दुसऱ्या सांध्याची रेघ बोटांच्या भोकांच्या अलीकडच्या काठाला जेमतेम ओलांडून गेली तर माप बरोबर. मंडईत कलिंगडं ठोकून बघावीत तसे मी सात बॉल उचलून बघितले. कुठे पंजा पुरेना, कुठे अंगठा सैल. अखेर एकाचं माप जमलं. अंगठ्याचं भोक जरा तंग होतं, पण म्हटलं, वापरून सैल होईल.

पहिल्या फेकीला बॉल सुटलाच नाही. म्हणजे मी सोडला, अंगठ्याने नाही सोडला. मी दोन पावलं पुढे ओढला गेलो, मग बाटलीचं बूच निघावं तसा आवाज आला, बॉल धप्पकन आपटला आणि गटरमध्ये, म्हणजे कडेच्या नालीत गेला. शेजारच्या लेनवरच्या कुटुंबाने वेफर्स खाणं थांबवलं.

"अंगठा काढूनच टाका मामा," भाचा म्हणाला. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी म्हणून कुणी आहे, तो अंगठा न घालता दोन्ही हातांनी बॉल टाकतो आणि जगात सगळ्यात जास्त मेजर स्पर्धा त्यानेच जिंकल्या आहेत. द्रोणाचार्यांनी त्याला बघितलं असतं तर एकलव्याकडे दुसरं काहीतरी मागितलं असतं.

एकलव्य ग्रिपने मी धावत गेलो. बॉल बरा गेला. मी पण गेलो. ओलांडायची नसते त्या फाउल लाइनच्या पलीकडे.

इथे तेलाबद्दल सांगायला हवं. बोलिंगच्या लेनला तेल लावलेलं असतं. पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट, रुंदी साधारण साडेतीन फूट, आणि त्यातली पहिली ४० एक फूट तेलकट. पूर्वी लेन लाकडी असायच्या, लाकूड घासून खराब होऊ नये म्हणून तेल लावत. आता ते तेलच खेळ ठरवतं. मधे जास्त, कडेला कमी. तेलावर बॉल घसरत जातो आणि पुढे कोरडं लागलं की पकड घेऊन वळतो. आणि हे तेल डोळ्यांना दिसत नाही! लावतं यंत्र. आमच्या बोर्डावर पावडर निदान दिसायची हो. कमी पडली तर आपण खिशातून काढून मारायचो. इथे आधी बॉल टाकायचा, तो कुठे वळतो ते बघायचं आणि त्यावरून तेल कुठे आहे ते ओळखायचं. घसरून पडल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांखाली पाणी होतं हे कळतं, तसलं शास्त्र.

मला ते थेट कळलं. दोन्ही पाय पुढे, मी बसून. तळहाताला अगदी पातळ काहीतरी लागलं, चिमटीत घासलं तर नुसतं सुळसुळीत, वास नाही.

"पँट नवी होती," बायको म्हणाली.

"शेंगदाण्याचं का रे?" सासूबाईंनी लांबून विचारलं.

तासाभरात भाच्याचा बॉल लवकर वळायला लागला. बॉल तेल टिपून घेतात, मग त्या वाटेवर कोरडं पडतं, पहिल्या फ्रेमला, म्हणजे पहिल्या पाळीला चालली ती जागा सातव्याला चालत नाही. अशा वेळी ज्या बाजूला चूक होते, त्याच बाजूला पाय सरकवायचे आणि नेम तोच ठेवायचा. बॉल डावीकडे जातोय? डावीकडे सरका. लेनवर ३९ उभ्या पट्ट्या असतात, त्या मोजून सरकायचं. मी निष्ठेने सरकत गेलो. माझा बॉल काही डावं गटर सोडेना आणि आठव्या फ्रेमला मी बॉल परत येतो त्या यंत्राला टेकलो.

तिथे ग्लास उचलणारा कळव्याचा एक मुलगा माझ्याकडे बराच वेळ बघत होता. हळूच म्हणाला, "काका, तुमचा प्लास्टिकचा हाउस बॉल आहे. तो कुठला वळतोय? मधे उभे राहा आणि सरळ टाका." जरा थांबून म्हणाला, "नाहीतर बंपर लावून देऊ?"

बंपर म्हणजे गटरवर उभा राहणारा कठडा. तो आमच्या सहा वर्षांच्या भाचीला लावला होता.

मी मधे उभा राहिलो आणि सरळ टाकला. आठ पिना पडल्या! उरल्या दोन, मागच्या दोन टोकांना एकेक, मधे अख्खा रस्ता मोकळा. राणी घेतली आणि कव्हर नाही.

माझे ५८ झाले. भाचीचे ८१.

सोमवारी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसच्या हजेरी यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. सुजून गाजर झालं होतं आणि वरची कातडी त्या तंग भोकात राहिली होती. यंत्र शांतपणे सात वेळा "पुन्हा प्रयत्न करा" म्हणालं. वॉचमन म्हणाला, दुसरं बोट लावा साहेब. पण दुसरं बोट नोंदवलेलंच नव्हतं. अर्धा दिवस वाचवायचा तर फॉर्म भरणं आलं. कारणाच्या रकान्यात आधी 'बोलिंग' लिहिलं, मग ते खोडून 'तेलावरून घसरलो' लिहिलं.

"अगंबाई, किचनमध्ये?" एचआरच्या मॅडमनी विचारलं.

मी हो म्हटलं.