‘तीन दिवसांत पेनकिलर सुटते’ हा मेसेज पुढं पाठवण्याआधी एवढं वाचा

तो मेसेज बहुतेकांनी वाचला असेल, तरी थोडक्यात सांगतो. म्हणे पेनकिलरची सवय सगळी मनाची असते, ज्याला खरंच सोडायचीय त्यानं शुक्रवारी रात्री शेवटची गोळी घ्यायची, उरलेली स्ट्रिप फेकून द्यायची, तीन दिवस आल्याचा काढा आणि लिंबूपाणी प्यायचं, जो त्रास होईल तो म्हणजे अंगातलं विष बाहेर पडतंय असं समजायचं आणि सोमवारी माणूस मोकळा. डॉक्टरकडे अजिबात जायचं नाही, ते एक गोळी सोडवून दुसरीला लावतात. आणि खाली, ‘एक तरी घर वाचेल, पुढे पाठवा’.

मी नाशिकरोडला मेडिकल चालवतो. हा मेसेज मला अंबड एमआयडीसीतल्या कामगारांच्या ग्रुपवरून आला, पिंपळगावच्या द्राक्षवाल्या मित्राकडून आला, बहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवरूनही आला. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, हे मला माहितीय, घरात कुणीतरी अडकलेलं असतं म्हणूनच माणूस असं काही पुढं पाठवतो. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यानं कुणाचं तरी नुकसान होऊ शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी एक गोष्ट, जी मेसेजमध्ये कुठंच नाही. पेनकिलर म्हणजे नेमकी कुठली? पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांत शरीर असं अडकत नाही. जास्त घेतल्या तर यातल्या काही किडनी खराब करतात, काही लिव्हर, पोटात अल्सर होतो, ते वेगळं दुखणं. इथं प्रश्न आहे तो अफूच्या जातीच्या औषधांचा, म्हणजे ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन वगैरे. ट्रामाडॉल तर आपल्याकडे एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, उगाच नाही आणलं. एम्सच्या लोकांनी केलेल्या आणि २०१९ मध्ये बाहेर आलेल्या देशव्यापी सर्व्हेत अफूच्या वर्गातले पदार्थ घेणारे लोकसंख्येच्या २.०६ टक्के निघाले, त्यात औषधांच्या गोळ्या-सिरप घेणारे ०.९६ टक्के. म्हणजे ही काही चार बिघडलेल्या पोरांची गोष्ट नाही. माझ्या काउंटरवर येणारे कंबरेचं ऑपरेशन झालेले आहेत, बाजार समितीत पोती वाहणारे आहेत, मुंबई-नाशिक गाडी मारणारे ड्रायव्हर आहेत, गुडघ्यांनी बेजार झालेल्या काकू आहेत.

आता ‘सवय मनाची असते’ हा मुद्दा. रोज काही आठवडे ही औषधं घेतली की मेंदू आणि आतडी त्याप्रमाणं स्वतःला जुळवून घेतात, कुणाचंही शरीर घेतं, खंबीर माणसाचंही. वेदनेच्या, झोपेच्या, श्वासाच्या, पोटाच्या यंत्रणेवर औषधाचा दाब असतो म्हणून शरीर उलट्या बाजूनं जोर लावत राहतं आणि औषध अचानक काढलं की तो उलटा जोर तेवढा मोकळा सुटतो. म्हणून बद्धकोष्ठ होतं तिथं जुलाब लागतात, गुंगी होती तिथं झोप उडते, वेदना दबली होती तिथं सगळं अंग ठणकायला लागतं. हे अवलंबित्व झालं. व्यसन त्याच्या पुढचं, म्हणजे नुकसान दिसतंय तरी हात जातोच, दोन-दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या आणणं, घरी लपवणं. दोन्ही एकत्र असू शकतात, फक्त पहिलंही असू शकतं. पण ज्याला फक्त पहिलं आहे त्याला ‘तुझं मन कमकुवत’ असं म्हटलं की तो लाजेनं गप्प बसतो आणि कुणालाच काही सांगत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता तो सोमवार. ट्रामाडॉलसारख्या औषधाचा त्रास शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो, लाँग ॲक्टिंग म्हणजे एसआर गोळी असेल तर थोडा उशिरा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो. म्हणजे शुक्रवारी रात्री बंद केलं तर मेसेज ज्या सोमवारी मोकळं व्हायला सांगतो त्याच्या आसपास माणूस सगळ्यात बेहाल असतो, आणि त्या अवस्थेत त्याला वाटतं की सगळे तीन दिवसांत सुटतात, माझंच काहीतरी बिघडलंय, मला जमणारच नाही. तिथून तो गोळीकडे परत जातो. शरीराचा मोठा त्रास बहुतेकांचा आठवडाभरात, थोडा मागेपुढे, उतरतो, पण झोप न लागणं, उदास वाटणं, चिडचिड, मधूनच गोळीची तीव्र ओढ हे आठवडेच्या आठवडे चालू शकतं. हे आधीच माहीत असलं तर माणूस घाबरत नाही.

‘विष बाहेर पडतंय’ हे तर पूर्ण चूक. त्रास होतो तो औषध अंगात कमी झाल्यामुळं, विष निघाल्यामुळं नाही. जास्त त्रास म्हणजे जास्त सफाई असं काही नसतं. एकदा एक ताई ओआरएस आणि जुलाबाची गोळी मागायला आल्या, म्हणाल्या, ‘भाऊ, मिस्टरांना व्हायरल झालंय, नाक गळतंय, सारख्या जांभया देतायत, अंगावर काटा येतोय आणि रात्रभर पाय झाडतायत.’ व्हायरलमध्ये माणूस एवढ्या जांभया देत नाही. विचारलं, कुठली गोळी बंद केलीय का, तर कंबरेची गोळी बंद केलेली, तीही मेसेज वाचून, आणि बायकोला पत्ता नाही. जांभया, नाका-डोळ्यातून पाणी, काटा, घाम, पोटात मुरडा, जुलाब, बुबुळाचा मधला काळा ठिपका मोठा दिसणं, पायात वळवळ, हे एकत्र दिसलं की घरच्यांनी एकदा शांतपणे विचारावं. ट्रामाडॉलची आणखी एक भानगड आहे, ते मेंदूत अफू जिथं बसते तिथंही बसतं आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांसारखं सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावरही काम करतं, त्यामुळं एकदम बंद केल्यावर काहींना वेगळाच त्रास होतो, प्रचंड घबराट, हातापायात शॉक बसल्यासारखं, गोंधळ, भाससुद्धा. अशा माणसाला घरचे ‘बाहेरचं काही झालंय’ म्हणून भलतीकडेच घेऊन जातात.

काढ्याला माझा विरोध नाही. आल्याचा चहा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पेज, मऊ भात हे सगळं द्या, जुलाब-घामानं पाणी जातं ते भरून निघायलाच हवं. पण काढ्यानं विड्रॉल, म्हणजे औषध तुटल्यावर होणारा हा त्रास, थांबत नाही. आणि ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून पुड्या किंवा गोळ्या घेणार असाल तर लक्षात ठेवा, कामिनी विद्रावण रसासारख्या औषधात चक्क अफू असते. ती घेऊन बरं वाटलं तर त्याचं कारण तेच.

‘एकदम बंद करा’ यावर जास्त बोलायचंय. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, एप्रिल २०१९ मध्ये डॉक्टरांना स्पष्ट इशारा दिला की शरीर अवलंबून झालेल्या पेशंटची ही औषधं अचानक तोडू नका, कारण तसं केल्यावर तीव्र विड्रॉल, आवाक्याबाहेरची वेदना, मानसिक त्रास आणि आत्महत्येपर्यंतच्या घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. त्यांनी साधारण माप दिलं ते असं, दर २ ते ४ आठवड्यांनी १० ते २५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नये. वर्षभरापेक्षा जास्त काळ घेत असाल तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहून हळू, असं सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या सूचनांत आहे. हे सरसकट सगळ्यांना लावायचं वेळापत्रक नाही, तुमचं तुमच्या डॉक्टरनं ठरवायचं, पण तीन दिवस आणि कित्येक महिने यातला फरक बघा.

यात एक हिशोब लोकांच्या ध्यानात येत नाही. समजा कुणी ५० मिलिग्रॅमच्या ८ कॅप्सूल घेतोय, दिवसाला ४०० मिलिग्रॅम, जी ट्रामाडॉलची कमाल मर्यादाच आहे. आठाच्या सात केल्या तर साडेबारा टक्के कमी झालं. पण दोनाची एक केली तर एकदम ५० टक्के! कॅप्सूल दोन्ही वेळा एकच कमी केली. म्हणून जिना उतरताना शेवटच्या पायऱ्या जास्त उंच असतात, आणि बरेच जण ‘इतकं कमी केलं, आता दोनच राहिल्या, टाकू सोडून’ म्हणत नेमके तिथंच घसरतात. तिथं डॉक्टर कमी ताकदीची गोळी देतात, एका टप्प्यावर जास्त दिवस थांबवतात. थांबणं चालतं, थांबलात म्हणजे हरलात असं नाही. एसआर गोळी मात्र घरी तोडून अर्धी करू नका, कुटू नका, बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. आणि ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी असेल तर त्यात बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, अशा १२ गोळ्या म्हणजे ३९०० मिलिग्रॅम, दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम, त्यात रोजची दारू असेल तर लिव्हरची मर्यादा त्याहून खाली. अशी गोळी वाढत गेलेल्यांनी तर घरी बसून टेपर, म्हणजे डोस हळूहळू उतरवणं, करायचा विचारच करू नये, आधी तपासणी.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे सोबत झोपेची किंवा टेन्शनची गोळी चालू असणं, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नाहीतर रोजची दारू. मेसेज वाचून माणूस सगळंच एकदम बंद करतो आणि मग फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो. गरोदर बाईनंही मनानं एकदम बंद करू नये, बाळाला धोका असतो, डॉक्टरीणबाईंना खरं सांगावं. आणि कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांनो, तुमच्या माणसाची मॉर्फिन या मेसेजपायी बंद करू नका, हात जोडून सांगतो, त्या वेदनेला ते औषध लागतं.

टेपर चालू असताना कंबर आधीपेक्षा जास्त दुखायला लागते तेव्हा ‘आजार वाढला’ असं वाटतं. बऱ्याचदा तसं नसतं, ही औषधं जास्त काळ घेतली की नसाच जास्त हळव्या होतात, डोस उतरताना ते जाणवतं आणि नंतर निवळतं. त्या काळात शेक, फिजिओथेरपी, थोडं चालणं आणि डॉक्टरांनी दिलेलं दुसरं साधं औषध. सीझनच्या ऐन धावपळीत, द्राक्ष काढणीत किंवा घरात लग्न असताना डोस उतरवायला घेऊ नका, जमलं तर थोडा निवांत काळ बघा. गोळ्या घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, डॉक्टरकडून आठवड्यापुरतंच लिहून घ्या, एकच डॉक्टर ठेवा. आम्ही मेडिकलवाले रजिस्टरमध्ये नाव लिहितो ते कायद्यानं लिहावंच लागतं, त्याला घाबरून कुणा ड्रायव्हर मित्राकडून स्ट्रिप घेऊ नका.

‘दुसऱ्या गोळीला लावतात.’ हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो. डॉक्टर कधी क्लोनिडिन देतात, त्यानं घाम, धडधड, अस्वस्थपणा कमी होतो, पण बीपी उतरतं म्हणून ते मनानं घ्यायचं नसतं. व्यसन पक्कं झालेलं असेल तर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन देतात. तीही त्याच वर्गातली, हे खरंच आहे, लपवायचं काय. पण ती एका पातळीपर्यंतच चढते, तलफ दाबते, श्वास थांबण्याचा धोका बराच कमी ठेवते, माणूस कामावर जातो, घर चालवतो आणि मग वेळ घेऊन तीही उतरवतात. काहींना ती जास्त काळ लागते, लागू दे, बीपीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याला आपण काही बोलतो का? फक्त मित्राची गोळी तोंडात टाकू नका, आधीचं औषध अंगात असताना ती घेतली तर विड्रॉल एकदम उसळून येतो, कधी सुरू करायची ते डॉक्टरच ठरवतात.

आणि मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते सगळ्यात महत्त्वाचं. गोळी बंद झाल्यावर शरीराची सहनशक्ती भराभर उतरते. महिन्याभरानं एखाद्या वाईट रात्री माणूस जुना डोस घेतो, त्यात दोन पेग, आणि आधी जो डोस पचत होता त्यानंच श्वास थांबतो. उठवून उठत नाही, श्वास अगदी मंद, घरघर, ओठ निळसर, बुबुळाचा ठिपका टाचणीएवढा, असं दिसलं तर कुशीवर वळवा, १०८ लावा, आणि काय घेतलंय ते खरं सांगा, दवाखान्यात नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, वेळेत दिलं तर माणूस वाचतो.

जायचं कुठं, तर ज्यांनी गोळी सुरू केली त्यांच्याकडेच आधी जा, नाहीतर त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत. लांब जायला चालणार असेल तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतंय. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, आणि मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, रात्रीसुद्धा. जाताना रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या, रोज किती आणि किती दिवसांपासून ते कागदावर लिहून न्या, दारू किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तीही त्याच कागदावर लिहा, आणि आकडा कमी करून सांगू नका, कारण टेपर त्याच आकड्यावरून सुरू होतो.