मिरजेचा बँड आणि ओकोनी स्ट्रीटचा मनोरा

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दादाने जे ठणकावून सांगितले, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र मिरजेत मराठी रॉक बँड चालवतात. पोरे मुंबईला जात नाहीत, हिंदीत गात नाहीत आणि गर्दी गाणाऱ्यासाठी जमत असूनही बिदागी चौघांत सारखी वाटून घेतात, ही दादाची तक्रार. गाणारा अर्थातच पुतण्या. "मिरजेत राहून कोण मोठं झालंय?" असे त्याने विचारताच मी मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव घेतले. "ते बाहेरून आले होते," असे म्हणून दादाने मला गप्प केले.

मी एकोणीस वर्षे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावात राहतो. शनिवारी डॉग्जची, म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची, मॅच असली की लूपवर, गावाभोवतीच्या रस्त्यावर, गाडी हलत नाही, आणि एरवी गाव मिरजेइतकेच आळसावलेले असते. याच गावात, ५ एप्रिल १९८० रोजी, ओकोनी स्ट्रीटवरच्या उपासना बंद पडलेल्या एका चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला चार पोरे पहिल्यांदा वाजवायला उभी राहिली आणि पुढे आर.ई.एम. हा जगभर गाजलेला रॉक बँड झाली. पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता, मायकेल स्टाइप तिथे येणारा कलाशाखेचा विद्यार्थी. माइक मिल्स आणि बिल बेरी हे जॉर्जियातल्याच मेकन शहरातून आलेले शाळासोबती. यांतले कोणीही न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवून मोठे होण्याची वाट पाहत बसले नाही. त्यांनी गाडी घेतली, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लहानसहान क्लबांत वाजवले आणि पुन्हा अथेन्सला परतले. १९८३ च्या 'मर्मर' या पहिल्या पूर्ण अल्बमला 'रोलिंग स्टोन' या संगीत मासिकाच्या समीक्षकांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवले, तेव्हाही त्यांचा पत्ता हाच होता.

भाषेचे म्हणाल, तर त्या अल्बमवर स्टाइप इतका पुटपुटत गातो की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही निम्मे शब्द कळत नसत. त्यामुळे 'मराठी शब्द कोणाला कळणार' ही दादाची काळजी मला पोकळ वाटते.

पण खरा मुद्दा पैशांचा आहे, आणि तिथे मी मुळीच माघार घेणार नाही. आर.ई.एम.च्या गाण्यांवर, चाल कोणाचीही असो, चौघांची नावे पडत आणि मानधनाचे चार सारखे वाटे होत. कोणत्याही निर्णयाला एकाने जरी नकार दिला, तरी ती गोष्ट होत नसे. १९९६ साली वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी झालेला करार आठ कोटी डॉलरचा असल्याचे छापून आले होते. एवढ्या रकमेवर भाऊ भाऊ कोर्टात जातात. इथे उलटे घडले. १९९५ च्या दौऱ्यात स्वित्झर्लंडमध्ये मंचावरच बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, त्यातून तो वाचला, आणि १९९७ साली 'माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही' अशी अट घालून बाहेर पडला. मग त्याने शेती केली, गवत पिकवले. उरलेल्या तिघांनी २०११ पर्यंत बँड चालवला आणि एके दिवशी भांडण न करता थांबवला. आमच्याकडे एवढ्या शांततेत भिशीसुद्धा बंद होत नाही.

हे सगळे मी दादाला ऐकवले, मात्र काही गोष्टी सोयीने गाळल्या. अथेन्समध्ये तेव्हाही हजारो विद्यार्थ्यांचे विद्यापीठ होते, त्याचे स्वतःचे रेडिओ स्टेशन होते, आणि अटलांटा दीड तासावर. त्यांच्या आधी बी-फिफ्टीटूज हा बँड याच गावातून निघून नाव कमावून बसला होता. मिरजेच्या पोरांना मिरवणुकीच्या डीजेशी स्पर्धा करावी लागते. शिवाय ज्या चर्चचा मी एवढा डंका पिटला, ते १९९० मध्ये पाडले गेले. आता घरांच्या मधोमध विटांचा नुसता मनोरा उभा आहे. दादाला त्याचा फोटो पाठवला, तर त्याचे उत्तर आले, "देऊळ कुठाय?"

गावात राहून मोठे होण्याचे व्याख्यान मी कोणत्या तोंडाने देतो, हेही मला कळते. आर.ई.एम. मी पहिल्यांदा ऐकले ते सांगलीला, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, केबलवर लागलेल्या त्यांच्या 'लूझिंग माय रिलिजन' या गाण्यात. तो व्हिडिओ जालंधरच्या तरसेम सिंग यांनी दिग्दर्शित केला होता, आणि मँडोलिनच्या त्या सुरावर मी ठरवून टाकले होते की आपल्याला गावाकडे राहायचे नाही. ते शब्द म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बोलीत 'माझा संयम सुटतो आहे' असे असते, हे मला अथेन्सला आल्यावर कळले.

येताना मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोरा आणला होता. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने त्याच्या भोपळ्याला बोटभर लांब चीर गेली. इथल्या गिटार दुरुस्त करणाऱ्याने तो उलटसुलट फिरवून पाहिला, भोपळा खराच आहे का असे विचारले, आणि अदबीने परत केला. चार वर्षे तो बेसमेंटमध्ये चादरीत गुंडाळून ठेवला आहे.

कॉल संपता संपता पुतण्या पहिल्यांदा बोलला. "काका, दिवाळीत येताना तंबोरा घेऊन या. गल्लीत माझ्या ओळखीचे आहेत, भोपळा बदलून देतील. फक्त एक सांगा, परत न्यायचा आहे की इथेच ठेवायचा? न्यायचा असेल तर पेटी वेगळी करावी लागेल."

मी दादाला विचारले की मुंबईच्या खोलीचे भाडे कोण भरणार आहे.