केजीओ बंद झाल्याचं मला अजून पटत नाही

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या फ्रीमाँटला राहायला आलो तेव्हा डम्बार्टन ब्रिजच्या अलीकडे मिठागरांत उभे असलेले ते तीन टॉवर बघून मला वाटायचं विजेचे असतील, पुढे ऑफिसातल्या एकाने सांगितलं अरे ते केजीओचे, 810 एएम (आपलं मीडियम वेव्ह), पन्नास हजार वॅटचं रेडिओ स्टेशन, रात्री पार ओरेगॉन-वॉशिंग्टनपर्यंत ऐकू जातं. खाऱ्या पाण्यात एएमचा सिग्नल जास्त चांगला पसरतो म्हणून टॉवर तिथे!

त्या दिवसापासून जाता-येता तेच. गाणी नाहीत, नुसत्या गप्पा. कुठल्या गावात पाणीपट्टी वाढली, बार्टवाले (इथली लोकल ट्रेन) संपावर जाणार का, आणि मधेच शेजारच्या हेवर्ड गावचा कोणी आजोबा फोन करून होस्टशीच हुज्जत घालणार, होस्ट वैतागणार पण फोन काही कट करणार नाही. जाहिराती मात्र डोकं उठवायच्या, गाद्या आणि सोनं, सोनं आणि गाद्या.

बाबा सांगलीहून आले होते, आयुष्यभर 1251 वर आकाशवाणी ऐकलेला माणूस, आपल्याकडे प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायलासुद्धा परवानगी नाही, त्यामुळे ते गाडीत तोंड उघडं टाकून ऐकत बसायचे. "मेयरला एवढं बोलतात आणि लगेच गादी विकतात?"

2009 मधे बे ब्रिजचे तुकडे रस्त्यावर पडून ब्रिज काही दिवस बंद होता तेव्हा मीपण फोन लावला. स्टेशनवरच्या एकीने नाव, गाव, काय बोलणार ते विचारलं आणि ठेवलं होल्डवर, चांगली चाळीस मिनिटं. नंबर लागला तेव्हा रेडिओ बारीक करायचा विसरलो, माझाच आवाज काही सेकंदांनी मागून यायला लागला आणि माझी जी काय त-त-प-प झाली! बायको अजून चिडवते.

सुमारे तीस वर्षं हे स्टेशन बे एरियात एक नंबरला होतं हो. 2011 च्या डिसेंबरमधे बरेच होस्ट काढून बातम्याच सुरू केल्या, पुढे गप्पा परत आणल्या पण ती मजा नाही आली, आणि 6 ऑक्टोबर 2022 ला गुरुवारी सकाळी काही कळायच्या आत सगळं बंद. पैशांवरची गाणी लावली आणि पुढच्या सोमवारी खेळांवरच्या सट्ट्याचं स्टेशन चालू. सट्टा!

कोणी म्हणेल टॉक रेडिओ आहे की भरपूर. आहे ना, पण 1987 ला अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवर वादाच्या विषयाच्या दोन्ही बाजू मांडायचा नियम गेला, 88 ला रश लिंबॉ हा उजव्या विचारांचा होस्ट देशभर सुरू झाला (तोही आधी आमच्याच शेजारी सॅक्रामेंटोला होता), आणि मालकांना कळलं की एक माणूस शेकडो स्टेशनांवर ओरडला की स्वस्तात काम होतं. त्याला आमच्या पाणीपट्टीचं काय पडलंय? पॉडकास्ट म्हणाल तर त्यात हेवर्डचे आजोबा मधे तोंड घालू शकत नाहीत, आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर वाद झाला की माणूस लेफ्ट होतो. इथे न पटणारा माणूसही पूर्ण ऐकावा लागायचा, कारण ट्रॅफिकमधे जाणार कुठे.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग आता ती माणसं भांडतात कुठे?"

आता घरात इलेक्ट्रिक गाडी आलीये, मोटरमुळे एएमवर खरखर येते म्हणून कंपनीने एएमच दिलेलं नाही. जुन्या कोरोलात पहिलं बटण अजून 810 वर आहे. बायको म्हणते ती काढून टाक आता. बघू.