एका सेंटरसाठी दोस्ती कशी घालवावी

‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ खेळायला बसणार आहात ना? मग एक गोष्ट आधीच मनावर ठसवून घ्या: इथे जो विश्वास ठेवतो तो बावळट. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही. १९०१ सालचा युरोप, सात सत्ता, ३४ सप्लाय सेंटर, म्हणजे काबीज करायची ठाणी. १८ मिळवली की जिंकलात. सुरुवातीला प्रत्येकाला तीन मोहरे, रशियाला तेवढे चार. तीन मोहऱ्यांत १८ सेंटर कशी मिळणार, असला हिशेब चुकूनही मांडू नका. सारख्या ताकदीचे दोन मोहरे समोरासमोर आले की कुणीच पुढे सरकत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या सपोर्टशिवाय इथे पान हलत नाही, हे लक्षात येईल. आणि मग शब्द पाळण्यासारखे नको ते विषय निघतात.

वाटाघाटींत सढळ हाताने वाटा. जर्मनी असाल तर बेल्जियम इंग्लंडलाही द्या, फ्रान्सलाही द्या. तुमचं काय जातंय, बेल्जियम तुमचं नाहीच. ते दोघं एकमेकांशी बोलतील ही शंका मनात आणू नका. सगळा खेळच बोलण्याचा आहे म्हणून काय सगळेच बोलतात?

आता मुख्य विषय, केसाने गळा कापणे. मी एकदा ऑस्ट्रिया खेळत होतो. इटली खेळणारा माझा जुना दोस्त; त्याचं व्हेनिस माझ्या ट्रिएस्टला लागूनच. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाला, “ट्रिएस्टची काळजी सोड. माझं व्हेनिसचं सैन्य हलणार नाही. आपण दोघं मिळून तुर्कस्तान खाऊ.” मी ट्रिएस्टचं आरमार अल्बानियात पाठवलं. वर्षाला चाली दोन, वसंतातली आणि शरदातली. वसंतात तो खरोखरच हलला नाही. शरदात मी आरमार पुढे ग्रीसला नेलं आणि ट्रिएस्ट उघडंच ठेवलं. चाली सगळे गुपचूप चिठ्ठीवर लिहितात; त्या चिठ्ठ्या एकदम उघडल्या. ‘व्हेनिस’ त्याने खणखणीत वाचलं, पुढचा शब्द पुटपुटला. मी चिठ्ठी ओढून घेतली. ‘होल्ड’, म्हणजे जागेवरच थांब, असं लिहून खोडलेलं, वर ‘ट्रिएस्ट’. म्हणजे निदान दहा सेकंद तरी सज्जनपणाशी झटापट झाली असावी.

तो खूश. ट्युनिस धरून दोन सेंटर वाढली. माझा मात्र जिंकण्यातला रस संपला आणि इटलीला हरवण्यातला सुरू झाला. ग्रीसला पोचलेलं तेच आरमार मग तुर्की आरमाराला इटलीच्या दारातल्या आयोनियन समुद्रात शिरायला सपोर्ट देत राहिलं. पुढे नेपल्स गेलं, रोम गेलं. मी त्याच्या आधी संपलो, पण समाधानाने संपलो.

तुम्हीही असंच करा. फक्त त्याने शरदापर्यंत धीर धरला, तेवढाही तुम्ही धरू नका. सेंटरची मालकी शरदातल्या चालीनंतरच बदलते, म्हणून वसंतातच घुसा. समोरच्याला सावरायला एक अख्खी चाल मिळते. एवढी माणुसकी हवीच. घाव असा घाला की एकच सेंटर हाती लागेल आणि ज्याचं घेतलं तो सूड उगवण्याइतका धडधाकट राहील. वर त्याला समजावून सांगा, “मी घेतलं नसतं तर रशियाने घेतलं असतं.” आणि पुढच्याच चालीत त्याच्याकडे सपोर्ट मागा.

दगा देण्याच्याही तऱ्हा असतात. रशिया आणि तुर्कस्तान पुष्कळदा ठरवून काळ्या समुद्रात आरमारं पाठवतात. दोन्ही धडकतात, समुद्र रिकामा राहतो, दोघं निर्धास्त. एका महाभागाने हा करार मोडायचा ठरवला आणि आरमार पाठवलंच नाही. समोरच्याला समुद्र फुकटात मिळाला. असं धाडस सगळ्यांना जमत नाही.

(हा खेळ ॲलन कॅलहॅमरने १९५४ मध्ये रचला, १९५९ मध्ये बाजारात आणला. १९६३ पासून लोक तो पत्रांनीही खेळू लागले. कॅलहॅमर पुढे पोस्टमन झाला. दगाफटका घरपोच!)

दगा देऊन झाला की पुढच्या डावाची चिंता करू नका. लोक विसरतात. आमच्या पुढच्या डावात मी पुन्हा ऑस्ट्रिया, तो पुन्हा इटली. “या वेळी व्हेनिस खरंच होल्ड,” तो म्हणाला. मी मान डोलावली आणि आरमार दोन्ही चालींत ट्रिएस्टलाच ठेवलं. ग्रीस तुर्कस्तानने उचललं. मी इटलीची चिठ्ठी ओढून घेतली. ‘व्हेनिस होल्ड’. एकही खोडाखोड नव्हती.